शाळेतून आरोग्य: हजेरी वाढते, मग शिकणे का वाढत नाही?

कोरा_कागद (धागाकर्ता)

विकसनशील देशांत शिक्षण सुधारण्याचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो शिक्षक नेमा, पुस्तके द्या. दुसरा म्हणतो, पोटात जंत, अंगात रक्त नाही, फळ्यावरचे दिसत नाही, अशा मुलापुढे पुस्तक ठेवून काय उपयोग? मी दुसऱ्या बाजूचा. पण पैसे मोजकेच असतात, तेव्हा क्रम लावावा लागतो. धागा त्या क्रमासाठी आहे.

समजा २० प्राथमिक शाळा, ४,००० मुले (वय ६ ते १४), हातात दोन वर्षे. यादीत पाच गोष्टी: जंतनाशक गोळी, लोहाची गोळी, डोळे तपासून चष्मे, पाणी आणि स्वच्छतागृहे, हजेरीच्या अटीवर कुटुंबाला रोख पैसे. आधी काय घ्यावे आणि प्रत्यक्षात कशात काय फसते? "सगळेच महत्त्वाचे आहे" हे उत्तर कृपया नको.

अंकुश

जंतांपासून सुरुवात करतो, कारण यादीत सर्वांत स्वस्त तेच आहे आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्याच्याभोवती आहेत.

पहिला प्रश्न गोळीचा नाहीच, जंत किती मुलांत आहेत हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा: मातीतून पसरणारे जंत (गोलकृमी, चाबूककृमी, अंकुशकृमी) २० टक्क्यांहून जास्त मुलांत असतील तर वर्षातून एकदा सरसकट गोळी, ५० टक्क्यांच्या वर असतील तर दोनदा. २० च्या खाली असेल तर सरसकट वाटप करू नका, पैसे दुसरीकडे वळवा.

प्रमाण काढायला ४,००० मुले तपासावी लागत नाहीत. एकसारखी जमीन आणि हवामान असलेल्या पट्ट्यात पाच शाळा, प्रत्येकी ५० मुले, म्हणजे २५० नमुने पुरतात. शौचाचा नमुना काटो-काट्झ पद्धतीने बघायचा: ४१.७ मिलिग्रॅमचा साचा, दिसलेली अंडी गुणिले २४ म्हणजे एका ग्रॅममागची अंडी. इथली नेहमीची चूक म्हणजे नमुने सकाळी गोळा करायचे आणि काचपट्ट्या संध्याकाळी निवांत बघायच्या. ग्लिसरीनमुळे अंकुशकृमीची अंडी तास-दीड तासात पारदर्शक होऊन दिसेनाशी होतात. मग अहवालात "अंकुशकृमी नाही" असे येते आणि सगळे खूश होतात. पट्टी तयार झाल्यापासून ३० ते ६० मिनिटांत वाचायची, याला पर्याय नाही.

औषध: अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम किंवा मेबेंडाझोल ५०० मिलिग्रॅम, एकच मात्रा, वजन न करता. ४,००० मुलांना वर्षातून दोनदा म्हणजे ८,००० गोळ्या, त्यावर १० टक्के जादा धरून ८,८००. पण ही एकटी मात्रा चाबूककृमीवर फारशी चालत नाही. तुमच्या भागात तोच मुख्य असेल तर आयव्हरमेक्टिन जोडावे लागते. मध्य आफ्रिकेत जिथे लोआ लोआ हा डोळ्यातला कृमी आहे तिथे मात्र आयव्हरमेक्टिनपासून मेंदूला गंभीर इजा होऊ शकते, तेव्हा तिथे हा विचार डॉक्टरांशिवाय करू नये.

वाटपाच्या दिवशी:

गोळी चघळूनच खायची, शिक्षकासमोर, आणि गिळल्यावरच यादीत खूण. आधी खुणा करून मग गोळ्या वाटल्या की खिशात गेलेली गोळीही "दिली" होते. घरी न्यायला द्यायची नाही. बरोबर आलेल्या तीन वर्षांखालच्या भावंडाला द्यायचीच असेल तर चुरून पाण्यात, कारण अख्खी गोळी घशात अडकून मुले दगावल्याच्या नोंदी आहेत. रडणाऱ्या मुलाचे नाक दाबून तर कधीच नाही. ताप किंवा दुसरा आजार असलेल्या मुलाला त्या दिवशी वगळा. गोळी बाधते म्हणून नाही, पण त्याचे जे काही होईल त्याचे खापर गोळीवर फुटेल आणि पुढच्या वेळी निम्मी शाळा येणार नाही. मोठ्या मुलींत गर्भारपणाचे पहिले तीन महिने असल्याची शक्यता असेल तर थांबा.

आणि आठवड्याभरात दुसरा दिवस ठेवा. पहिल्या दिवशी गैरहजर असलेली मुलेच बहुधा जास्त जंताची असतात. हा दुसरा दिवस वगळला की कागदावर ८५ टक्के दिसतात, पण जी १५ टक्के हवी होती तीच राहून जातात.

दशांश

अंकुश यांचा प्रतिसाद उत्तम, पण धाग्याच्या शीर्षकाला अजून हात लागलेला नाही. तो लावतो.

केनियातील बुसिया जिल्ह्यात १९९८ पासून ७५ शाळांत टप्प्याटप्प्याने जंतनाशक दिले गेले. मिगेल आणि क्रेमर यांचा निबंध २००४ मध्ये आला. गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली. गुणांमध्ये मात्र फरक पडला नाही. ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचा. पहिले वाक्य जगभर गाजले, दुसरे तळटिपेत राहिले.

पुढे २०१५ मध्ये त्याच आकडेवारीची फेरतपासणी झाली. ३ ते ६ किलोमीटरवरच्या शाळांना झालेल्या लाभाचा जो आकडा मूळ निबंधात होता, तो गणितातल्या चुकीतून आलेला निघाला. उपचार मिळालेल्या शाळांची हजेरी वाढली, हा निष्कर्ष टिकला. दुसरीकडे अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करणाऱ्या कॉक्रेन आढाव्याने म्हटले की सरसकट वाटपाने वजन, हिमोग्लोबिन किंवा शाळेतली कामगिरी सरासरीने सुधारते याचा भक्कम पुरावा नाही. मग २०२१ मध्ये बुसियाच्या त्याच मुलांचा २० वर्षांनंतरचा मागोवा आला: ज्यांना दोन-तीन वर्षे जास्त औषध मिळाले त्यांचा घरखर्च १४ टक्क्यांनी आणि ताशी कमाई १३ टक्क्यांनी जास्त.

आता यातले खरे काय? माझ्या मते भांडण सरासरीचे आहे. जिथे जंतच कमी, तिथल्या चाचण्या बुसियासारख्या जंतांनी भरलेल्या भागात मिसळल्या की परिणाम पातळ होणारच. म्हणून अंकुश यांचे २५० नमुने हा वायफळ खर्च नाही, अख्ख्या निर्णयाचा पाया तोच आहे.

कोरा_कागद

हे छानच. पण गोळी खाऊन मूल परत त्याच मातीत अनवाणी जाते. मग वर्षभरात पुन्हा सगळे जैसे थे होत नाही का?

अंकुश

होते. उपचारानंतर १२ महिन्यांनी गोलकृमीचे प्रमाण मूळच्या सुमारे ९४ टक्के, चाबूककृमीचे ८२ टक्के आणि अंकुशकृमीचे ५७ टक्के परत आलेले असते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आकडेवारीत दिसते. पण प्रमाण परत आले म्हणजे ओझे परत आले असे नाही. दहा जंतांचे मूल आणि दोनशे जंतांचे मूल टक्केवारीत सारखेच मोजले जाते, नुकसान मात्र दुसऱ्याचे होते. गोलकृमीसाठी ग्रॅममागे ५,००० अंड्यांखाली हलका संसर्ग, ५०,००० च्या वर तीव्र; अंकुशकृमीसाठी हेच आकडे २,००० आणि ४,०००. यश मोजायचे ते मध्यम आणि तीव्र संसर्ग किती घटला यावर.

पाणी आणि स्वच्छतागृहांचे उत्तरही यातच आहे. गोळी हे पाणी उपसणे आहे, संडास हे छिद्र बुजवणे. पण दोन वर्षांत छिद्र बुजत नाही, कारण गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात.

लोहार

लोहाकडे वळू या. इथे चूक झाली तर नुसता पैसा वाया जात नाही, जीव जाऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर.

हिमोग्लोबिनची रेषा वयानुसार बदलते: ५ ते ११ वर्षांसाठी ११.५ ग्रॅम, १२ ते १४ साठी १२ ग्रॅम प्रति डेसिलिटर. सगळ्यांना एकच आकडा लावला की लहान मुलांतला रक्तक्षय फुगतो. उंच डोंगराळ प्रदेशात मोजलेल्या आकड्यातून उंचीचा भाग वजा करावा लागतो, तिथे रक्त मुळातच दाट असते.

मोजताना बोट पिळू नका. मधले किंवा अनामिका, बाजूला टोचा, पहिले थेंब कोरड्या कापसाने पुसा, मग आपणहून येणारा मोठा थेंब घ्या. पिळलेल्या बोटातून ऊतकांतले पाणी मिसळते आणि आकडा खाली येतो. दुसरी गोष्ट, चाचणीच्या प्लास्टिक पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमट हवेत पट्ट्या खराब होतात आणि यंत्र तरीही आकडा दाखवतच राहते. यंत्र खोटे बोलताना अडखळत नाही.

मात्रा: रक्तक्षय २० टक्क्यांहून जास्त असेल तर ५ ते १२ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा ४५ मिलिग्रॅम लोह, तीन महिने द्यायचे, तीन महिने थांबायचे, पुन्हा सुरू. पाळी सुरू झालेल्या मुलींना ६० मिलिग्रॅम, सोबत फोलिक ॲसिड. १३ आठवडे गुणिले ४,००० म्हणजे ५२,०००, वर्षात दोन फेऱ्या म्हणजे १,०४,००० गोळ्या. जंताच्या ८,००० गोळ्यांशी तुलना करा. गोळी स्वस्त असते, ती २६ वेळा वाटण्याची शिस्त महाग असते. बहुतेक ठिकाणी चौथ्या-पाचव्या आठवड्यात वाटप थंडावते: परीक्षा, सुट्टी, वर्गशिक्षक रजेवर, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. ठरलेला वार, जेवणानंतरची वेळ आणि किल्ली दोघांकडे, एवढे आधी लिहून ठेवा. रिकाम्या पोटी दिली की मळमळते, आणि एका मुलाला उलटी झाली की अख्खा वर्ग नाही म्हणतो. शौचाला काळे होईल हेही आधीच सांगा. चहा किंवा दुधासोबत देऊ नका, लोह शोषले जात नाही.

धोके दोन. पहिला मलेरिया. झांझिबारच्या पेंबा बेटावर लहान मुलांना रोज लोह आणि फोलिक ॲसिड दिले तेव्हा दवाखान्यात भरती होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण वाढले, म्हणून चाचणीचा तो भाग २००३ मध्ये थांबवावा लागला. निकाल २००६ मध्ये छापला गेला. ती मुले शाळेच्या वयाची नव्हती, पण धडा लागू आहे: मलेरियाच्या भागात मच्छरदाणी, निदान आणि उपचार यांची सोय असेल तरच लोह.

दुसरा धोका घरातला. पाकीट घरी दिले आणि दोन वर्षांच्या भावंडाने त्यातल्या ६० मिलिग्रॅमच्या १० गोळ्या गोड समजून खाल्ल्या, तर १० किलोच्या मुलात ते किलोमागे ६० मिलिग्रॅम होते. ही गंभीर विषबाधेची पातळी आहे. पाकीट शाळेबाहेर जाता कामा नये.

चाळीशी

माझ्या मते धागाकर्त्यांच्या यादीत शिकण्याशी सर्वांत थेट धागा जोडलेली गोष्ट चष्मा हीच आहे, आणि तिलाच सगळे शेवटी ठेवतात. चीनच्या ग्रामीण शाळांतल्या एका चाचणीत (निकाल २०१४) दृष्टिदोष असलेल्या मुलांना फुकट चष्मे दिले. गणिताच्या गुणांत ०.११ प्रमाण विचलन (मुलामुलांच्या गुणांत एरवी असते त्या तफावतीचा सुमारे नववा भाग) इतकी वाढ झाली. ऐकायला कमी वाटते, पण अचानक तपासणीत निम्म्याहून कमी मुलांच्या डोळ्यांवर चष्मा होता, हे लक्षात घेऊन तो आकडा वाचा. लहान वर्गात एकदा चष्मा दिला की काम संपत नाही. वापर मोजा.

चाचणी शिक्षक करू शकतात. सहा मीटर अंतर, दोरीने नाही, टेपने मोजून जमिनीवर खूण. 'ई' अक्षराचा तक्ता, म्हणजे वाचता न येणारे मूलही बोटे कोणत्या दिशेला आहेत ते दाखवू शकते. एकेक डोळा. दुसरा डोळा हाताने झाकू देऊ नका, मुले बोटांच्या फटीतून बघतात, पुठ्ठा द्या. ६/१२ ओळीतल्या (निरोगी डोळ्याला जी बारा मीटरवरूनही दिसते) पाचपैकी चार ओळखता आल्या तर पास. तक्त्यामागे खिडकी नको. आणि रांगेत उभ्या मुलांना तक्ता दिसता कामा नये, नाहीतर दहाव्या मुलापर्यंत तो पाठ झालेला असतो.

नापास मुलाला लगेच चष्मा नाही. स्वयंचलित यंत्र मुलांत उणे नंबर जास्त दाखवते, कारण मूल नजर ताणते. सायक्लोपेंटोलेट १ टक्का थेंब घालून, डोळ्याची ताण घेण्याची शक्ती तात्पुरती बंद करून, मगच नंबर काढायचा. थेंबांनंतर बरेच तास जवळचे धूसर दिसते, तेव्हा परीक्षेच्या दिवशी तपासणी ठेवू नका.

फसते कुठे? "लहानपणी चष्मा लावला की डोळे आणखी बिघडतात" ही समजूत अनेक देशांत सापडते. ती मुलाशी बोलून जात नाही, पालक आणि शिक्षक दोघांना एकाच वेळी बसवून सांगावे लागते. जमले तर मुलाला चष्मा लावून फळा दाखवावा, पालकांच्या देखत. फ्रेम मुलानेच निवडावी. खर्चात चष्म्यांच्या एक पंचमांश तरी जादा जोड धरा, फुटतात आणि हरवतात.

पण एक सांगतो, स्वतःच्याच बाजूविरुद्ध: लघुदृष्टी पूर्व आशियात खूप, आफ्रिकेच्या ग्रामीण प्राथमिक शाळांत फारच कमी. तिथे चाळणी करून हाती फार थोडी मुले लागतील. आधी ११ ते १४ वयाची २०० मुले तपासा, मग ठरवा.

कोरा_कागद

म्हणजे तिन्हींमध्ये आधी "किती आहे" हे मोजायचे आणि मग द्यायचे. हे मला वाटले होते त्यापेक्षा साधे आहे, आणि बहुधा म्हणूनच कोणी करत नाही. खर्च पालकांकडून थोडासा घ्यावा का? फुकट मिळालेल्याची किंमत नसते म्हणतात.

दशांश

नका घेऊ. बुसियातच नंतर काही शाळांत गोळीसाठी अगदी किरकोळ शुल्क लावून पाहिले. औषध घेणाऱ्यांचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटले. जंताचा फायदा त्या मुलापेक्षा शेजारच्यांना जास्त असतो, म्हणून कुटुंब त्यासाठी पैसे मोजत नाही, आणि त्यात अडाणीपणा काही नाही.

आडवाट

रोख पैशांबद्दल थोडक्यात. मेक्सिकोत १९९७ मध्ये सुरू झालेल्या प्रोग्रेसा योजनेची चाचणी ५०६ गावांत झाली, ३२० मध्ये लगेच, १८६ मध्ये नंतर. अट ८५ टक्के हजेरीची, सोबत दवाखान्याच्या ठरलेल्या भेटी. इयत्तेनुसार रक्कम वाढत जाई आणि माध्यमिक टप्प्यावर मुलींना मुलांपेक्षा जास्त. परिणामही माध्यमिकला आणि मुलींतच ठळक, कारण प्राथमिकला मुले आधीच येत होती. तुमच्या २० प्राथमिक शाळांत पटनोंदणी आधीच ९० च्या पुढे असेल तर हे पैसे आधीच होणाऱ्या गोष्टीसाठी दिल्यासारखे आहेत. सातवी-आठवीची गळती असेल तरच.

अट घालावी की नाही, यावर मलावीतल्या झोंबा जिल्ह्याचा प्रयोग बघा. अट घातलेल्या गटात मुली शाळेत जास्त टिकल्या. बिनअट गटात कमी वयातली लग्ने आणि गर्भारपण जास्त घटले, कारण शाळा सोडलेल्या मुलीलाही पैसे मिळत राहिले. म्हणजे अट सर्वांत अडचणीतल्या मुलीलाच वगळते. कोणते फळ हवे ते आधी ठरवा.

फळा_खडू

सगळे प्रतिसाद वाचले, आणि एक गोष्ट कोणीच म्हटली नाही. मूल निरोगी झाले, शाळेत आले, चष्मा लावून बसले. पुढ्यात काय आहे?

केनियातच पाठ्यपुस्तके वाटण्याचा प्रयोग झाला. सरासरी गुण वाढले नाहीत. आधीच हुशार असलेल्या मुलांचे तेवढे वाढले. पुस्तके इंग्रजीत होती, जी तिथल्या अनेक मुलांची तिसरी भाषा. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा परिच्छेद वाचता येत नसेल तर त्याची हजेरी ७० वरून ८० टक्के झाल्याने एवढेच होते की न समजणारे तास त्याला जास्त ऐकावे लागतात. बुसियात हजेरी वाढून गुण का वाढले नाहीत याचे माझे उत्तर हेच.

यावर लागू पडलेला इलाज महाग नाही. एकेका मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या क्रमाने समोर बसवून वाचायला लावा, मुलामागे काही मिनिटे लागतात. मग तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता विसरून पातळीनुसार गटांत, रोज एक तास. झांबियात सरकारी शाळांत 'कॅच अप' नावाने हेच चालते. फसते ते दोन ठिकाणी: पातळी वाढल्यावर मुलाला पुढच्या गटात हलवत नाहीत, त्यामुळे गट म्हणजे नवी तुकडीच बनते, आणि तो तास अभ्यासक्रम संपवायच्या घाईत गिळला जातो. वेळापत्रकात मुख्याध्यापकांच्या सहीने छापलेला नसेल तर दीड महिन्यात नाहीसा होतो.

तर माझा क्रम: हा तास आणि जंताची गोळी पहिल्याच सत्रात एकत्र, तेही मोजणीत जंत २० टक्क्यांच्या वर असतील तरच. तपासणीत पुरेशी मुले निघाली तर चष्मे दुसऱ्या सत्रात. लोह तेव्हाच, जेव्हा जंताचे दोन्ही दिवस सुरळीत पार पडलेले दिसतील.

लोहार

लोह शेवटी का? अंकुशकृमीने रक्त पिऊन झालेला रक्तक्षय नुसत्या जंताच्या गोळीने भरून येत नाही.

फळा_खडू

बरोबर, शरीराच्या हिशेबाने तुमचेच खरे. मी शाळेच्या हिशेबाने बोलतो. वर्षातून दोन दिवस जमत नसतील तिथे २६ आठवडे जमणार नाहीत.

लोहार

हे मान्य. पण हिमोग्लोबिन ८ च्या खाली निघाले तर ते मूल कुठल्याही क्रमात बसवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा.

दशांश

मोजमापाबद्दल दोन गोष्टी, नाहीतर वर्षाअखेरी सगळे वाद पुन्हा होतील.

एक, हजेरीपटावर विश्वास ठेवू नका. महिन्यातून एकदा न कळवता जाऊन डोकी मोजा, वार बदलत राहा. आणि भागायचे ते पहिल्या दिवशीच्या नावांच्या यादीने, चालू पटाने नाही. चालू पटातून शाळा सोडलेल्यांची नावे गळतात, त्यामुळे गळती जितकी जास्त तितकी हजेरीची टक्केवारी चांगली दिसते. हा विनोद नाही, असे अहवाल निघतात.

दोन, वाचन चाचणीसाठी ४०० मुले घ्यायची असतील तर ८ शाळांतून ५०-५० नको, २० शाळांतून २०-२० घ्या. एका शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात. शाळेअंतर्गत साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे सगळी सारखी) ०.१ धरले तर ५० च्या गटात फुगवटा, म्हणजे मुलांच्या संख्येला ज्याने भागायचे तो आकडा, १ + ४९ × ०.१ = ५.९, म्हणजे तुमची ४०० मुले जेमतेम ६८ मुलांइतकी माहिती देतात. २० च्या गटात फुगवटा २.९, तीच ४०० मुले १३८ इतकी. खर्च फक्त प्रवासाचा वाढतो.

कोरा_कागद

यादी पुन्हा लिहायला घेतो. अंकुश, एक राहिले: तलाव-कालव्याकाठच्या दोन शाळांत लघवीतून रक्त जाण्याची तक्रार असेल तर तीच गोळी चालेल का?

अंकुश

नाही. तो शिस्टोसोमा (तलाव-कालव्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा कृमी) असू शकतो, त्याला प्राझिक्वांटेल लागते, किलोमागे ४० मिलिग्रॅम. वजनकाटा नसेल तर उंचीची पट्टी वापरतात, ६०० मिलिग्रॅमच्या गोळीसाठी: ९४ सेंमीपासून १ गोळी, ११० पासून दीड, १२५ पासून २, १३८ पासून अडीच, १५० पासून ३, १६० पासून ४, १७८ पासून ५. पट्टी भिंतीला चिकटवताना शून्य जमिनीला टेकले आहे ना ते बघा, आणि मुलांच्या चपला काढा. औषध कडू आहे आणि रिकाम्या पोटी दिले तर चक्कर, पोटदुखी हमखास, म्हणून खाल्ल्यानंतरच. ज्या मुलाला आकडी येण्याचा इतिहास आहे त्याला आधी डॉक्टरांकडे. मेंदूत पट्टकृमीच्या गाठी असतील तर हे औषध आकडी आणू शकते.

अल्बेंडाझोल त्याच दिवशी देता येते. यादीत रकाने मात्र दोन ठेवा.